फर्ग्युसनचा अर्थसंकल्प आणि एका बाईचं तिकीट

२००७ साली अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, फर्ग्युसन नावाच्या गावात, एका बाईने एकदा चुकीच्या जागी गाडी लावली. तिला दोन तिकिटं मिळाली. वाहतुकीच्या दंडाच्या पावतीला तिकडे तिकीट म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवतो. दंड १५१ डॉलर, शिवाय फी. बाईची परिस्थिती हलाखीची, मधे काही काळ तर डोक्यावर छप्परही नव्हतं. २००७ ते २०१० या काळात कोर्टाची तारीख किंवा पैसे भरायची मुदत हुकली म्हणून तिच्यावर सात वेळा ‘गैरहजेरी’चा स्वतंत्र गुन्हा लावला गेला. दर वेळी नवं अटक वॉरंट, वर नवा दंड आणि नवी फी. दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत गेले आणि एकूण ५५० डॉलर तिने भरले. मधे तिने २५ आणि ५० डॉलरचे हप्ते पाठवून पाहिले. पूर्ण रक्कम नाही म्हणून कोर्टाने ते परत केले. त्यातला एक हप्ता पुढे जमा झाला, तोही नकाराचं पत्र पत्त्यावर न पोचता कोर्टाकडे परत आलं म्हणून. डिसेंबर २०१४ मध्ये, मूळ चुकीनंतर सात वर्षांनी, तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर बाकी होते.

हे सगळं अमेरिकेच्या न्याय खात्याने ४ मार्च २०१५ रोजी जाहीर केलेल्या अहवालात नोंदलेलं आहे. शंभराहून जास्त पानांचा तो अहवाल आहे आणि त्यात याहून भयंकर प्रसंग आहेत. तरी मला हेच प्रकरण सगळ्यात जास्त बोचतं, कारण टप्प्याटप्प्याने पाहिलं तर यात प्रत्येकाने आपापल्या टेबलावरचं रोजचंच काम केलेलं दिसतं. शिपायाने तिकीट फाडलं, कारकुनाने तारीख चढवली, न्यायाधीशाने वॉरंटवर सही केली. मग १५१ डॉलरचं तिकीट हजार डॉलरच्या पलीकडे गेलं कसं?

याचं उत्तर रस्त्यावर शोधून सापडत नाही. ते गावाच्या अर्थसंकल्पात आहे.

गाव, आणि गावांची गर्दी

फर्ग्युसन हे सेंट लुईस शहराच्या उत्तरेला जवळच असलेलं, सुमारे २१ हजार वस्तीचं गाव. १९९० मध्ये इथले जवळपास तीन चतुर्थांश लोक गोरे होते. २०१० पर्यंत ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय झाले. पोलीस दल, नगरपरिषद आणि कोर्ट मात्र जुन्याच चेहऱ्याचं राहिलं. अहवालाच्या वेळी ५४ पोलिसांपैकी फक्त ४ कृष्णवर्णीय होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा परिसर. सेंट लुईस शहर १८७६ मध्ये आपल्या काउंटीपासून वेगळं झालं. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा म्हणा. शहराची हद्द तिथेच गोठली आणि बाहेरच्या जागेत पुढच्या काळात एकामागून एक गावं स्वतंत्र झाली. २०१४ मध्ये या एका काउंटीत सुमारे ९० नगरपालिका आणि ८१ नगर न्यायालयं होती. काही गावं इतकी छोटी की गाडीने दोन मिनिटांत एकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते. प्रत्येकाला आपली नगरपरिषद हवी, बहुतेकांना आपलं पोलीस दल हवं, आणि त्या सगळ्याचा खर्च तेवढ्याच मूठभर घरांतून आणि दुकानांतून निघायला हवा. या मानाने फर्ग्युसन बरंच मोठं आणि सुस्थितीतलं गाव. इमर्सन इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीचं मुख्यालय तेव्हा इथेच होतं. तरीही तूट होतीच, कारण गावाची मोठी मदार विक्रीकरावर होती आणि २००८ नंतरच्या मंदीत तो आटला.

मग कर वाढवायचा? मिझुरीत ते सोपं नाही. १९८० मध्ये राज्यघटनेत हॅन्कॉक दुरुस्ती झाली. तिच्यामुळे स्थानिक संस्थेला कर वाढवायचा असेल तर आधी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. दंडाला मात्र हे बंधन नाही. दंडाची रक्कम वाढवायला, तिकिटांची संख्या वाढवायला, वर नवी फी चिकटवायला कुणाच्या मताची गरज पडत नाही. शिवाय ज्याच्याकडून दंड वसूल होतो तो पुष्कळदा शेजारच्या गावचा, नुसता इथून जाणारा असतो. त्याला इथे मतच नसतं. कर आणि दंड दोन्ही एकाच तिजोरीत पडतात, पण एकासाठी लोकांसमोर उभं राहावं लागतं आणि दुसऱ्यासाठी नाही. या फरकाकडे वाचकाने जरा थांबून पाहावं, कारण पुढचं सगळं यातूनच उगवलेलं आहे.

आकडे

२०१० च्या आर्थिक वर्षात फर्ग्युसनच्या सर्वसाधारण निधीत १ कोटी १०.७ लाख डॉलर जमा झाले, त्यातले १३.८ लाख कोर्टाच्या दंड आणि फीमधून आलेले. पुढच्या वर्षी १४.१ लाख. २०१२ साठी गावाने तीस टक्क्यांहून जास्त वाढ गृहीत धरून १९.२ लाखांचा अंदाज बांधला, प्रत्यक्षात २१.१ लाख आले. २०१३ साठी २१.१ लाख धरले, २४.६ लाख आले. २०१४ साठी २६.३ लाख धरले. २०१५ च्या अंदाजपत्रकात दंडाचा आकडा ३०.९ लाखांवर गेला, तोही १ कोटी ३२.६ लाखांच्या एकूण अंदाजित जमेपैकी. पाच वर्षांत दंडाचा वाटा साडेबारा टक्क्यांवरून तेवीस टक्क्यांच्या वर.

३०.९ लाखांना २१ हजारांनी भागलं की माणशी सुमारे १४७ डॉलर येतात. त्या बाईचं पहिलं तिकीट १५१ डॉलरचं होतं. म्हणजे दर वर्षी पाळण्यातल्या बाळासकट गावातल्या प्रत्येक माणसामागे जवळजवळ तसं एक तिकीट वसूल होईल, असं गृहीत धरून हे अंदाजपत्रक मांडलं होतं.

इथे ‘अंदाज’ हा शब्द नीट पाहायला हवा. वर्ष संपल्यावर जमा झालेला दंड मोजणं वेगळं आणि वर्ष सुरू होण्याआधी तो जमेच्या बाजूला लिहून त्यावर पगार, गाड्या, डांबर यांचा खर्च बेतणं वेगळं. दंडाचा हेतू लोकांनी नियम पाळावेत हा असेल, तर तिकिटं कमी होणं ही आनंदाची बातमी. पण आकडा एकदा अर्थसंकल्पात शिरला की तिकिटं कमी होणं म्हणजे तूट. मग लोकांनी नीट गाडी चालवली तर गावाचं नुकसान! ज्या गावाला आपल्याच लोकांचं शहाणपण परवडत नाही, त्या गावात पोलीस आणि लोक यांच्यात विश्वास टिकणार कसा, हे मला खरोखर कळत नाही.

पत्रव्यवहार

न्याय खात्याच्या तपासनिसांच्या हाती गावाच्या अधिकाऱ्यांचे ई-मेल लागले. या प्रकरणाला इतकं महत्त्व येण्याचं तेच कारण. ‘पैशासाठी तिकिटं फाडतात’ अशी कुजबुज अमेरिकेतल्या कितीतरी छोट्या गावांबद्दल असते. ती लेखी स्वरूपात, तारखांसकट, क्वचितच समोर येते.

मार्च २०१० मध्ये वित्त संचालकांनी पोलीस प्रमुखांना कळवलं की वर्ष संपण्याआधी तिकिटं लिहिण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं कठीण जाईल, आणि विक्रीकरात मोठी तूट दिसत असताना ही काही किरकोळ बाब नाही. मार्च २०१३ मध्ये त्यांनीच नगर व्यवस्थापकांना लिहिलं: कोर्टाची जमा साडेसात टक्के वाढेल असा अंदाज आहे, पोलीस दल दहा टक्के देऊ शकेल का असं प्रमुखांना विचारलं, ते प्रयत्न करू म्हणाले. कारखान्याच्या उत्पादनाबद्दल बोलावं तशी ही भाषा आहे.

मार्च २०११ मध्ये पोलीस प्रमुखांनी कळवलं की फेब्रुवारीत कोर्टात १,७९,८६२ डॉलर जमा झाले, गेल्या चार वर्षांतल्या सर्वात मोठ्या महिन्यापेक्षाही १७ हजारांहून जास्त. नगर व्यवस्थापकांचं उत्तर एका शब्दाचं: छान! वर्षभराने फेब्रुवारी २०१२ चा आकडा २ लाख ३५ हजारांवर गेला. दंड भरणाऱ्यांची सकाळपासून रांग लागली आहे, गेले तीन तास दहा-पंधरा माणसं कायम उभी आहेत, असं एका पोलीस अधिकाऱ्याने कौतुकाने लिहिलं. त्या रांगेतली माणसं कोणत्या कामावर खाडा करून आली असतील, याचा उल्लेख त्या पत्रात नाही.

आंतरराज्य महामार्ग क्रमांक २७० गावाच्या हद्दीतून जातो. तिथे तिकिटांची खास मोहीम आखली गेली, आणि महसुलाची वाहिनी भरायला सुरुवात व्हावी हा तिचा उद्देश म्हणून लिहिला गेला. पोलिसांच्या आठ तासांच्या पाळ्या बारा तासांच्या करतानाही दरमहा वाहतूक कारवाई वाढेल, हा मुद्दा पुढे केला गेला होता.

रस्त्यावर

वरून येणारा हा दाब शिपायापर्यंत कसा पोचायचा? कुणी किती तिकिटं लिहिली याच्या याद्या ठेवल्या जात, आणि बढती, शाबासकी, ठपका यांत त्या आकड्याला वजन असे. एका माणसाला एकदा थांबवलं की चार, सहा, आठ तिकिटं लिहिणं नेहमीचं झालं. एका प्रसंगी चौदा लिहिली गेली. एका थांब्यात सर्वाधिक तिकिटं कोण लिहितो अशी काही शिपायांमध्ये चढाओढ चाले, असं त्यांच्याच सहकाऱ्यांनी तपासनिसांना सांगितलं.

२०१२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. ३२ वर्षांचा एक कृष्णवर्णीय माणूस बास्केटबॉल खेळून मैदानाशेजारी आपल्या उभ्या गाडीत घाम निवायला बसला होता. शिपायाने मागून गाडी अडवली, कारण नसताना त्याच्यावर बाल-अत्याचारी असल्याचा आरोप केला, झडतीची परवानगी मागितली. त्याने आपल्या घटनात्मक हक्काचा हवाला देऊन नकार दिला. त्यावर अटक, आणि आठ गुन्हे. त्यातला एक ‘खोटी माहिती दिली’ हा होता, कारण त्याने मायकेलऐवजी माइक असं घरगुती नाव सांगितलं होतं. दुसरा पट्टा न लावल्याचा, उभ्या गाडीत. या आरोपांमुळे केंद्र सरकारच्या कंत्राटातली आपली नोकरी गेली, असं त्याने तपासनिसांना सांगितलं.

दंडाचे दरही तसेच. रस्त्यावरून चालण्याची पद्धत चुकली म्हणून ३०२ डॉलर लावल्याचं उदाहरण आहे, अंगणातलं गवत वाढलं म्हणून ५३१ डॉलर लावल्याचंही. विम्याचा कागद दाखवता आला नाही तर ३७५. आसपासच्या गावांत याच चुकीला सरासरी १७५ डॉलर पडत. आपले दर यादीत सर्वात वर किंवा वरच्या टोकाला आहेत, असं वित्त संचालकांनी २०११ मध्ये स्वतः नमूद केलं होतं, आणि ते तक्रार म्हणून लिहिलेलं नव्हतं.

हे ओझं सगळ्यांवर सारखं पडलं नाही. २०१२ ते २०१४ या काळात गावातले ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. अडवलेल्या वाहनचालकांत ते ८५ टक्के, तिकीट मिळालेल्यांत ९० टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. गाडी अडवल्यावर त्यांची झडती होण्याची शक्यता गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त होती, पण झडतीत बेकायदा वस्तू सापडण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्के कमी. गुन्हा शोधणं हाच हेतू असता तर हे उलटं दिसलं असतं. रस्त्यावरून चालण्याच्या ‘गुन्ह्यात’ तर ९५ टक्के कृष्णवर्णीय. पैशाची भूक सर्वात आधी तिथे वळली जिथे विरोध करण्याची ताकद सर्वात कमी होती. पैसा की वर्णद्वेष असा वाद यावर घातला जातो. मला तो निरर्थक वाटतो. इथे दोन्ही एकाच गाडीत बसले होते.

कोर्ट

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा पोलीस नाहीत, कोर्ट आहे. तिकीट चुकीचं असेल तर ते दुरुस्त करण्याची जागा कोर्ट. फर्ग्युसनमध्ये तेच कोर्ट पोलीस प्रमुखांच्या देखरेखीखाली चालत होतं. कोर्टाचे कारकून त्यांच्या हाताखाली काम करत. न्यायाधीश अर्धवेळ, नेमणूक नगरपरिषदेकडून, दोन वर्षांसाठी. महिन्यातून तीन-चार बैठका, आणि एकेका बैठकीत हजाराहून जास्त आरोप पटलावर. एवढ्या वेळात न्यायनिवाडा होत नाही, पावत्या फाटतात.

२०१२ मध्ये न्यायाधीशांच्या फेरनेमणुकीला एका परिषद सदस्याने विरोध केला. हे न्यायाधीश साक्ष ऐकत नाहीत, अहवाल किंवा आरोपीचा पूर्वेतिहास पाहत नाहीत, आवश्यक साक्षीदारांना बोलू देत नाहीत, असं त्या सदस्याचं म्हणणं होतं. नगर व्यवस्थापकांनी उणिवा मान्य केल्या. आणि पुढे लिहिलं की कोर्टाच्या कार्यक्षमतेत घट किंवा दंडाच्या जमेत कसलीही कपात गावाला परवडणारी नाही. न्यायाधीशांची फेरनेमणूक झाली. संपूर्ण अहवालातून एकच वाक्य निवडायला सांगितलं तर मी हे निवडेन. न्यायाधीश साक्ष ऐकत नाही हे ठाऊक असूनही तो ठेवला जातो, कारण त्याच्यामुळे पैसे येतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यावर फार पूर्वीच बोट ठेवलं होतं. १९७२ मध्ये ओहायो राज्यातल्या मन्रोव्हिल या खेड्याच्या खटल्यात असा निकाल झाला की ज्या महापौराच्या कोर्टातून खेड्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग येतो, तो महापौर निःपक्ष न्यायाधीश मानता येणार नाही. १९८३ मध्ये बेअर्डन खटल्यात ठरलं की दंड भरला नाही म्हणून तुरुंगात पाठवण्याआधी माणसाची भरण्याची ऐपत आहे का, हे न्यायालयाने तपासलंच पाहिजे. फर्ग्युसनमध्ये ही तपासणी होत नव्हती. २०१३ या एका वर्षात कोर्टाने ९ हजारांहून जास्त वॉरंट काढली, बहुतांशी पार्किंग, वाहतूक, घराची डागडुजी अशा किरकोळ बाबींवरून. डिसेंबर २०१४ मध्ये १६ हजारांहून जास्त लोकांच्या डोक्यावर या कोर्टाची वॉरंट लटकत होती.

या दारिद्र्याच्या चक्रात अडकलेल्यांबद्दल गावातले काही अधिकारी तपासनिसांना म्हणाले की या लोकांना वैयक्तिक जबाबदारीची जाणीव नाही. आता दुसरी बाजू पाहा. ऑक्टोबर २०१३ मध्ये खुद्द न्यायाधीशांना शेजारच्या हेझलवूड गावात सिग्नल तोडल्याचं कॅमेऱ्यातलं तिकीट आलं. त्यांनी ते फर्ग्युसनच्या सरकारी वकिलाकडे पाठवलं. हेझलवूडचा सरकारी वकीलही तोच होता. उत्तर आलं: तुमचं तिकीट रद्द केलं आहे, दुसरी नोटीस आली तर दुर्लक्ष करा. ओळखीपाळखीच्या लोकांची तिकिटं अशी मिटवली गेल्याची इतरही उदाहरणं अहवालात आहेत. २५ डॉलरचा हप्ता परत करणारं कोर्ट ते हेच.

मर्यादेच्या आत

मिझुरीत या प्रकारावर आधीपासून कायदा होता. मॅक्स क्रीक नावाचं एक खेडं महामार्ग ५४ वर, ओझार्क तलावाच्या वाटेवर. तिथे वेगमर्यादा एकदम खाली येई आणि तलावाकडे निघालेले प्रवासी सापडत. गावाचं बहुतांश उत्पन्न तिकिटांचं. १९९५ मध्ये राज्याने या खेड्याच्या नावानेच ओळखला जाणारा कायदा केला: वाहतुकीच्या दंडाचा वाटा एका टक्केवारीच्या वर गेला तर वरची रक्कम गावाने ठेवायची नाही. मर्यादा आधी ४५ टक्के, मग ३५, आणि २०१३ मध्ये ३०. मॅक्स क्रीकने १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१२ मध्ये ते गाव म्हणून विसर्जित झालं.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. फर्ग्युसनचा वाटा सगळे दंड आणि फी धरूनही २३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या बाईची सात वॉरंट, मैदानाजवळच्या माणसाचे आठ गुन्हे, १६ हजार लोकांवरचा अटकेचा टांगता धोका, हे सारं होत असताना गाव या कायद्याच्या मर्यादेच्या आत होतं. टक्केवारीने फक्त गावाचं अवलंबित्व मोजलं जातं. गाव मोठं असेल, विक्रीकर बरा येत असेल तर टक्केवारी लहान दिसते आणि त्याखाली कितीही माणसं चिरडली तरी ती वाढत नाही. मर्यादा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, ती हवीच. पण कोर्टात काय चालतं हे तिच्यातून कळत नाही.

ऑगस्ट २०१४ नंतर

९ ऑगस्ट २०१४ रोजी कॅनफिल्ड ड्राइव्ह या रस्त्यावर मायकेल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. तो आणि त्याचा मित्र रस्त्याच्या मधून चालत होते. शिपायाने त्यांना बाजूने चालायला सांगितलं, तिथून प्रसंग सुरू झाला. त्या शिपायावर केंद्रीय खटला भरता येणार नाही, असा निष्कर्ष न्याय खात्याने दुसऱ्या, स्वतंत्र अहवालात त्याच दिवशी दिला. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचायला हवेत. गोळीबाराच्या प्रसंगाबद्दल कुणाचं मत काहीही असो, या मृत्यूनंतर गाव निदर्शनांनी एवढं का पेटलं याचं उत्तर पहिल्या अहवालात, तिकिटांच्या हिशोबात आहे.

हालचाली झपाट्याने झाल्या. सप्टेंबर २०१४ मध्येच परिषदेने ‘गैरहजेरी’चा स्वतंत्र गुन्हा रद्द केला. मार्च २०१५ मध्ये न्यायाधीश, नगर व्यवस्थापक आणि पोलीस प्रमुख एकामागोमाग पायउतार झाले, आणि मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्ग्युसनचे खटले वरच्या न्यायालयातल्या एका न्यायाधीशाकडे सोपवले. एप्रिलच्या निवडणुकीनंतर सहा सदस्यांच्या परिषदेत तीन कृष्णवर्णीय सदस्य आले. ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या नगर न्यायाधीशाने २०१४ संपेपर्यंत काढलेली सगळी अटक वॉरंट मागे घेतली.

राज्याने जुलै २०१५ मध्ये नवा कायदा केला. वाहतूक दंडाची मर्यादा २० टक्के, सेंट लुईस काउंटीतल्या गावांसाठी साडेबारा टक्के, आणि किरकोळ वाहतूक गुन्ह्यांच्या दंडावरही कमाल मर्यादा. काउंटीतल्या गावांनी कोर्टात दाद मागितली, आणि एकाच काउंटीला वेगळा नियम लावणारा भाग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये रद्द ठरवला. राहिली ती सगळ्यांना सारखी २० टक्क्यांची मर्यादा. म्हणजे फर्ग्युसनच्या २०१५ च्या आकड्याच्या तीन-चार टक्केच खाली.

दरम्यान त्याच काउंटीतल्या पेजडेल नावाच्या छोट्या गावाने दाखवून दिलं की पाणी एका ठिकाणी अडवलं तर कुठून झिरपतं. वाहतुकीच्या दंडाला मर्यादा होती, घराच्या नियमांना नव्हती. तिथे खिडक्यांचे पडदे एकसारखे नाहीत, दारापुढे शेगडी ठेवली, अशा कारणांसाठी लोकांना तिकिटं मिळत होती. रहिवाशांनी २०१५ मध्ये दावा लावला आणि २०१८ मध्ये गावाला तडजोडीने हे थांबवावं लागलं. राज्यानेही २०१६ मध्ये मर्यादेच्या कक्षेत बिगर-वाहतूक दंड आणले.

फर्ग्युसनमध्ये सुधारणांचा सविस्तर मसुदा न्याय खात्याबरोबर ठरला होता, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये खर्च झेपणार नाही म्हणून परिषदेने त्यात स्वतःच बदल केले. दुसऱ्याच दिवशी न्याय खात्याने गावावर दावा ठोकला. मार्चमध्ये परिषदेने मूळ मसुदा मान्य केला आणि १९ एप्रिल २०१६ रोजी केंद्रीय न्यायालयाने त्याला हुकूमनाम्याचं रूप दिलं. दंड भरता न आल्याने कोठडीत डांबलं गेलेल्या लोकांनी फेब्रुवारी २०१५ मध्येच सामूहिक दावा लावला होता. तो नऊ वर्षं चालला. २०२४ मध्ये गावाने ४५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. २०१५ च्या अंदाजपत्रकात वर्षभराचा दंड म्हणून धरलेल्या रकमेच्या सुमारे दीडपट.

आणि ती तूट? दंडाची जमा घसरल्यावर ती उघडी पडली, आणि हॅन्कॉक दुरुस्तीमुळे जे इतकी वर्षं टाळलं होतं ते गावाला करावं लागलं. एप्रिल २०१६ मध्ये मतपत्रिकेवर दोन प्रश्न आले: विक्रीकर वाढवू का, आणि मालमत्ता कर वाढवू का. मतदारांनी विक्रीकराची वाढ मंजूर केली. मालमत्ता कराची वाढ फेटाळली गेली.